धावपट्टी बांधणारा खलाशी

आपल्या शाळेसमोरचा रस्ता तयार होताना आपण पाहिला असेल. आधी मुरूम पसरतात. मग पाण्याचा टँकर येतो, मुरमावर पाणी मारतो आणि त्याच्या मागून रोलर फिरतो. मुले खिडकीतून पाहत असतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, जमीन घट्ट करायची तर पाणी कशाला? पाण्याने तर चिखल होतो."

प्रश्न अगदी योग्य आहे. याच प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील अनेक वैमानिकांचे प्राण अवलंबून होते. ते उत्तर प्रत्यक्षात आणणारे लोक वैज्ञानिक नव्हते. ते सुतार, लोहार, गवंडी, बुलडोझरचालक होते आणि पुढे तर सक्तीने भरती केलेली शेतकऱ्यांची, कामगारांची पोरे होती. नोकरी नौदलातली, पण काम मात्र मातीचे. त्यांना 'सीबीज' म्हणत. बांधकाम पलटण या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे 'सी' आणि 'बी'. त्यावरून हे नाव पडले आणि त्याचा दुसरा अर्थ झाला समुद्रावरच्या मधमाश्या!

पलटण का निघाली?

युद्धापूर्वी अमेरिकेच्या नौदलाची बेटांवरील बांधकामे मुलकी कंत्राटदार करीत असत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्या वेळी वेक या लहानशा बेटावर सुमारे अकराशे बांधकाम कामगार होते. २३ डिसेंबरला बेट जपानच्या हाती पडले. हे कामगार सैनिक नव्हते. त्यांना लढण्याचे शिक्षण नव्हते आणि त्यांनी शस्त्र उचललेच, तर युद्धविषयक नियमांनुसार सैनिकाला मिळणारे संरक्षण त्यांना मिळण्याची खात्री नव्हती. पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये वेकवर मागे ठेवलेल्या ९८ कामगारांना ठार मारण्यात आले.

नौदलाच्या बांधकाम विभागाचे प्रमुख बेन मोरील यांनी डिसेंबर १९४१ च्या अखेरीस मागणी केली की बांधकामाचे काम जाणणाऱ्यांची नौदलातच पलटण उभारावी. त्यांच्या हाती हत्यारेही असतील आणि अवजारेही. ५ जानेवारी १९४२ रोजी परवानगी मिळाली. सुरुवातीच्या भरतीत लोक स्वेच्छेने आले. त्यांचे सरासरी वय ३७ होते. धरणे, पूल, महामार्ग बांधून हात तयार झालेली ही माणसे होती. साठांहून अधिक व्यवसायांतील कारागीर त्यांत होते.

पण डिसेंबर १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने १८ ते ३७ वयाच्या पुरुषांची स्वेच्छेची भरती बंद झाली आणि सर्वांना सक्तीच्या भरतीच्या यंत्रणेमार्फतच सैन्यात घेण्यास सुरुवात झाली. आता या पलटणींत येणारा माणूस तरुण होता आणि पुष्कळदा त्याला कोणताही कसबी धंदा येत नव्हता.

असा एक खलाशी आपण डोळ्यांसमोर आणू या. ही कोणा एका माणसाची हकिकत नव्हे. हजारोंच्या वाट्याला आले ते एकाच्या नावावर मांडतो आहोत, इतकेच. वय एकोणीस. बाप शेतकरी. ट्रॅक्टर चालवता येतो, बाकी काही नाही. सरकारी पत्र आले आणि तो निघाला. व्हर्जिनियातील कॅम्प पिअरीसारख्या तळावर कवायत, बंदूक आणि थोडेफार यंत्रकाम शिकला. मग त्याला सुमारे अकराशे जणांच्या पलटणीत घातले. तेथे त्याच्या शेजारच्या खाटेवर त्याच्या बापाच्या वयाचा गवंडी होता. खरे शिक्षण तेथे सुरू झाले. त्या वडीलधाऱ्या माणसांनी त्याला काय शिकवले असेल?

चाळीस मिनिटांचा हिशेब

जुन्या माणसांजवळ सांगण्यासारखी पहिली गोष्ट होती ग्वादलकॅनालची. सॉलोमन बेटांपैकी या बेटावर सहावी पलटण १ सप्टेंबर १९४२ रोजी उतरली. तेथील हेंडरसन धावपट्टी जपान्यांनी सुरू केलेली आणि अमेरिकनांनी जिंकलेली. तिच्यावर रोज बाँब पडत. १३ व १४ ऑक्टोबर या चोवीस तासांत ५३ बाँब आणि तोफगोळे थेट पट्टीवर पडले.

आता अडचण कोठे आहे ते पाहा. विमाने हवेत आहेत आणि पट्टीवर खड्डा पडला आहे. विमानात इंधन मोजके. खड्डा बुजेपर्यंत वैमानिक वर घिरट्या घालणार. खड्डा बुजवायला उशीर झाला तर विमान समुद्रात पडणार. घाईघाईने भुसभुशीत माती टाकून बुजवला, तर उतरणारे चाक त्यात रुतणार आणि विमान उलटणार. म्हणजे काम लवकरही व्हायला हवे आणि पक्केही.

पलटणीचे प्रमुख जोसेफ ब्लंडन यांच्या माणसांनी यावर साधा उपाय काढला. एका बाँबने किती मोठा खड्डा पडतो आणि तो भरायला किती वाळू व खडी लागते हे त्यांनी आधीच मोजून ठेवले. तेवढा माल भरलेले ट्रक पट्टीच्या कडेला तयार उभे केले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ठोकण्या जवळ ठेवल्या. पट्टीवर अंथरायच्या लोखंडी पत्र्यांचे मोजून बांधलेले गठ्ठेही ठेवले. बाँब पडला की माणसे खंदकातून बाहेर धावत. पाचशे पौंडांच्या बाँबचा खड्डा शंभर माणसे चाळीस मिनिटांत बुजवीत आणि वरचा पत्राही नव्याने बसवीत.

यातील ट्रकांची तयारी ही व्यवस्थापनाची गोष्ट झाली. ठोकण्या मात्र विज्ञानाची गोष्ट सांगतात. माती थर देऊन का ठोकायची? आणि ओली का करायची?

पाण्याचे दुहेरी वागणे

मातीचा ढीग म्हणजे कण आणि त्यांमधल्या पोकळ्या. पोकळ्यांत हवा असते. वरून भार आला की कण सरकतात, पोकळ्या मिटतात आणि जमीन खचते. दबाई करायची म्हणजे हे सरकणे आधीच घडवून आणायचे. म्हणजे पुढे विमानाच्या चाकाखाली ते घडणार नाही.

कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासतात, सहज सरकत नाहीत. थोडे पाणी घातले की कणांभोवती पातळ थर येतो आणि तेच कण त्याच रोलरखाली अधिक जवळ येतात. म्हणून काही मर्यादेपर्यंत पाणी वाढवले की माती अधिक घट्ट बसते. त्या मर्यादेपलीकडे मात्र उलट होते. पोकळ्या पाण्यानेच भरतात. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही, आणि रोलर पुढे जाईपर्यंतच्या क्षणभरात ते बाहेरही पडू शकत नाही. कणांना जवळ यायला जागाच उरत नाही. चौकस विद्यार्थ्याचा 'चिखल' तो हाच!

म्हणजे प्रत्येक मातीला तिचा असा एक योग्य ओलावा असतो. आपल्याकडे घराची जमीन करताना आजी माती किती भिजवायची ते मुठीत दाबून ठरवायची आणि मग धुम्मस घेऊन चोपायची. लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा विभागात मातीची धरणे बांधणाऱ्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने हेच मोजता येईल अशी चाचणी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही जगभर, आपल्या रस्त्यांच्या प्रयोगशाळांतही, त्याच्याच नावाने केली जाते.

वर्गात करून पाहा

ही चाचणी साध्या रूपात शाळेत करता येते. एक मजबूत सरळ डबा घ्या. तो पाण्याने काठोकाठ भरून त्याचे आकारमान मोजा. चाळलेली, उन्हात पूर्ण वाळवलेली माती घ्या. तिचे पाच समान भाग करा. वजनाच्या प्रमाणात त्यांत अनुक्रमे ४, ८, १२, १६ आणि २० टक्के पाणी नीट कालवा. प्रत्येक भाग डब्यात तीन थरांत भरा आणि प्रत्येक थरावर सारख्याच उंचीवरून सारखेच वजन २५ वेळा टाका. वरची माती पट्टीने सपाट कापा आणि वजन करा.

येथे मुलांची एक चूक हमखास होते. ती ओल्या मातीचेच वजन पाहतात. त्यात पाण्याचेही वजन आहे. आपल्याला हवी ती कोरड्या कणांची घनता. समजा डबा ५०० घन सेंमीचा आहे. १२ टक्के पाण्याची माती ९५० ग्रॅम भरली. ओली घनता १.९० झाली. तिला १.१२ ने भागले की शुष्क घनता सुमारे १.७० येते. २० टक्के पाण्याची माती ९६० ग्रॅम भरली, म्हणजे अधिक जड. पण १.९२ ला १.२० ने भागले की १.६० च येते. जड दिसणारी माती प्रत्यक्षात कमी घट्ट आहे! (हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या मातीचे आकडे आपणच काढायचे.) ओलावा आडव्या अक्षावर आणि शुष्क घनता उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. टेकडीसारखा वक्र मिळेल. टेकडीचा माथा म्हणजे योग्य ओलावा. काळी माती आणि मुरूम यांचे वक्र शेजारी शेजारी काढले तर एक उत्तम चर्चा घडेल.

पत्रा आणि पेटी

ठोकलेल्या जमिनीवर लोखंडी पत्रे अंथरत असत. उत्तर कॅरोलायनातील मार्स्टन या गावाजवळ १९४१ मध्ये ते प्रथम वापरून पाहिले, म्हणून त्यांना मार्स्टन मॅट हे नाव पडले. प्रत्येक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, सुमारे ३० किलो वजनाचा, आणि त्याला ८७ भोके. कडेच्या आकड्यांनी एक पत्रा दुसऱ्यात अडकवायचा. आपल्या खलाशाचे पहिले काम बहुधा हेच असेल. दोघांनी मिळून पत्रा उचलायचा आणि जागेवर बसवायचा.

विद्यार्थ्यांना गणित घाला. ५,००० फूट लांब आणि २०० फूट रुंद पट्टीला किती पत्रे? एका पत्र्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट, म्हणजे ८०,००० पत्रे. वजन २,४०० टन. आता भोके का पाडली ते लक्षात येईल. वजन कमी होते, पावसाचे पाणी खाली जाते आणि भोकांच्या वळवलेल्या कडा व पत्र्याच्या उभ्या पन्हाळी यांमुळे तो सहज वाकत नाही. कोरा कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवला तर तो खडूचा भारही पेलत नाही. त्याच्याच पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा आणि मग खडू ठेवून पाहा.

दुसरी युक्ती तरंगत्या पेट्यांची. बेटावर बंदर नाही आणि यंत्रे उतरवायची आहेत. जॉन लेकॉक या नौदल अभियंत्याने सिगारच्या खोक्यांचे नमुने जोडून पाहत लोखंडी पेट्यांची पद्धत आखली. साधारण ५ फूट रुंद, ५ फूट उंच आणि ७ फूट लांब अशी बंद पेटी. अशा पेट्या लोखंडी कोनपट्ट्यांनी जोडल्या की तराफा, धक्का किंवा पूल होतो. पेटीचे आकारमान जवळजवळ ५ घनमीटर. ती पूर्ण बुडाली तर सुमारे ५ टन समुद्राचे पाणी बाजूला सारेल. तिचे स्वतःचे वजन एक टनाच्या आसपास धरले, तर चार टनांपर्यंत भार पेलण्याची ताकद उरते. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. १९४३ च्या जुलैमध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर अशाच पेट्यांच्या पुलांवरून वाहने उतरली.

प्रवाळाचे बेट

आपला खलाशी १९४४ मध्ये टिनियन बेटावर पोहोचला असे धरू. मारियाना द्वीपसमूहातील हे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे बेट त्या वर्षी जुलैच्या अखेरीस उतरलेल्या अमेरिकी सैन्याने ऑगस्टच्या सुरुवातीस जिंकले. तेथून बी-२९ ही अवजड विमाने जपानपर्यंत जाऊन परत येऊ शकत होती. पण इंधन आणि बाँब भरलेले हे विमान ६० टनांच्या घरात जाई. त्याला ८,५०० फूट लांबीच्या पक्क्या पट्ट्या हव्या होत्या.

आणि हाताशी साहित्य काय? प्रवाळ. प्रवाळ म्हणजे लहान सागरी जीवांनी समुद्राच्या पाण्यातून घेऊन घडवलेला कॅल्शियम कार्बोनेट. सुरुंग लावून आणि यंत्रांनी फोडून काढलेल्या प्रवाळात मोठ्या ढेकळांपासून पिठापर्यंत सर्व आकाराचे कण असतात. मोठ्यांमधल्या पोकळ्यांत मधले बसतात, मधल्यांमधल्या पोकळ्यांत बारीक. समुद्राचे पाणी मारून रोलर फिरवला की तो उत्तम दबतो. हे झाले प्रॉक्टरचे तत्त्व. पण प्रवाळाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पाण्यात किंचित विरघळलेला कार्बोनेट पाणी उडून जाताना कणांच्या सांध्यांवर पुन्हा साचतो आणि कण एकमेकांना चिकटतात. त्यामुळे ही जमीन वाळल्यावर कच्च्या काँक्रीटसारखी कठीण होते. (चुन्याचा गिलावा घट्ट होतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन. या दोन क्रिया विद्यार्थ्यांनी एकच समजू नयेत.)

थर किती जाड हवा? समजा एका चाकावर साडेतेरा टन भार आहे आणि चाक ५० सेंमी बाजूच्या चौरसावर टेकले आहे. खाली जाताना भार पसरत जातो. ढोबळ नियम असा की जितके खाली जावे तितकीच चौरसाची बाजू वाढते. ५० सेंमी खाली बाजू १०० सेंमी होते, क्षेत्रफळ चौपट आणि दाब एक चतुर्थांश. एक मीटर खाली दाब एक नवमांश. म्हणून वरचा थर कणखर हवा. खालची जमीन त्यामानाने मऊ असली तरी चालते. कोणत्या जमिनीवर किती जाड थर द्यायचा हे ठरवण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागाने काढलेली चाचणी याच युद्धकाळात धावपट्ट्यांसाठी स्वीकारली गेली. आज आपल्याकडेही रस्त्याची जाडी ठरवताना ती वापरतात.

टिनियनवर सुमारे पंधरा हजार सीबीज राबले. उत्तरेकडील तळावरची पहिली पट्टी १९४४ च्या डिसेंबरात तयार झाली आणि चौथी १९४५ च्या मे महिन्यात.

ज्याचा हिशेब सोपा नाही

आतापर्यंतचे सगळे हिशेब नीट जमले. येथून पुढचे जमत नाहीत.

पहिला हिशेब माणसांचा. सक्तीच्या भरतीत काळे तरुणही आले. त्यांच्या पलटणी वेगळ्या असत आणि त्यांचे अधिकारी गोरे असत. चौतिसावी पलटण सॉलोमन बेटांवर सेवा करून परतली, तरी तिच्यातील काळ्या कारागिरांना बढती मिळत नव्हती. मार्च १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातील पोर्ट वायनीमी येथे सुमारे हजार जणांनी दोन दिवस उपोषण केले. काम मात्र एक क्षणही थांबवले नाही. त्यानंतर त्यांचा प्रमुख बदलण्यात आला. मातीच्या कणांत भेद करावा लागतो. माणसांत तो करण्याचे काहीच शास्त्रीय कारण नव्हते.

दुसरा हिशेब प्रवाळाचा. मोठ्या ढेकळांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर वाढतात. बुलडोझरने एका दुपारी फोडलेला ढीग साचायला किती शतके लागली असतील, हा हिशेब विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

तिसरा हिशेब सर्वांत अवघड. ६ ऑगस्ट १९४५ रोजी पहाटे टिनियनच्या उत्तर तळावरून 'एनोला गे' हे विमान उडाले. त्या दिवशी सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला. तीन दिवसांनी नागासाकीवर बाँब टाकणारे विमानही याच बेटावरून गेले. आपल्या खलाशाने पाणी मारून, रोलर फिरवून, पातळी पुन्हा पुन्हा तपासून केलेली पट्टी अगदी अचूक होती. अवजड विमान तिच्यावरून सुखरूप उडाले. विमानात काय होते ते त्याला ठाऊक नव्हते. भरतीचे पत्र आले तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते, आणि आताही नाही.

युद्धकाळात सीबीज म्हणून सुमारे सव्वातीन लाख माणसांनी काम केले. पॅसिफिकमध्ये त्यांनी १११ मोठ्या धावपट्ट्या बांधल्या आणि ७०,००० रुग्णांची सोय होईल इतकी रुग्णालयेही बांधली. एकाच हातांनी, एकाच ज्ञानाने. घरी परतल्यावर पुष्कळांनी तेच कसब रस्त्यांना आणि घरांना लावले. टिनियनच्या पट्ट्या मात्र अनेक दशके झाडीखाली दबून होत्या. २०२४ पासून अमेरिकेचे हवाई दल त्या पुन्हा मोकळ्या करीत आहे. झाडीखालचा प्रवाळाचा थर अजून टिकून आहे.

आमच्या प्रयोगशाळेकडे जाणारा रस्ता काही वर्षांपूर्वी नव्याने केला. रोलर फिरत होता, पण टँकर आलाच नाही. मी विचारले तर रोलरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, पाणी नाही मिळालं. वरून डांबर पडलं की कोण बघतंय?" पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचला. ग्वादलकॅनालवर असे घडले असते तर चाळीस मिनिटांत कळले असते. आपल्याकडे कळायला एक पावसाळा लागतो, एवढाच फरक.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेसमोर रोलर आला की मुलांना खिडकीपाशी जरूर जाऊ द्या. टँकर कोठे आहे ते त्यांना शोधू द्या. आणि डब्याचा प्रयोग झाला की त्यांना आणखी एक प्रश्न विचारा: रस्ता पक्का कसा करायचा हे आपण मोजले, तो कोठे जातो हे कोणी विचारायचे? या प्रश्नाला आलेख नाही. पण तो वर्गात विचारला गेला पाहिजे.